घरचा अंगलेप : दूध, लोणी आणि तूप

संस्कृत भाषेंत तेलातुपाला स्नेह म्हणतात आणि मायेलाहि स्नेहच म्हणतात. तान्ह्या बाळाला पायांवर पालथें घालून तेल चोळणाऱ्या आजीबाईला हा श्लेष कोणीं शिकविलेला नसतो. पण तिच्या हाताला दोन्ही अर्थ एकाच वेळीं कळत असतात. आंघोळीपूर्वींचें तेल, दिवाळीचें उटणें, बाळंतिणीचा शेक आणि थंडींतला साईचा हात हीं सारीं आपल्या घरांत या एकाच स्नेहाचीं रूपें होतीं. हल्लीं तीं मागें पडलीं आणि त्यांच्या जागीं बाटलींतून पिळून काढावयाचा एक पांढरा पातळ लेप आला. त्याला बॉडी लोशन म्हणतात. तें वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याची किंमत आणि बाटलीवर छापलेलीं रसायनांचीं लांबलचक नांवें पाहून पुष्कळ गृहिणींस तें घरींच करून पाहण्याची इच्छा होते, आणि येथेंच विचाराचा प्रश्न उभा राहतो. यांतली कोणती वस्तु घरीं करणें सोपें व हितकर आहे, आणि कोणती करूं गेल्यास अपाय होण्याचा संभव आहे, हा विवेक प्रत्येक घरांत असावयास हवा. तोच आजच्या लेखाचा विषय.

आमच्याकडील हवा आणि पाणी

आमचें आचोळे गांव नालासोपाऱ्याच्या पूर्वेस आहे. गांवचें तळें अजून आहे. पण भोंवतालच्या शेतांच्या जागीं आतां इमारतींची दाटी झाली आहे. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा निघाला. शहरास सूर्या, उसगांव व पेल्हार येथील धरणांचें पाणी मिळतें. तरी अनेक वसाहतींना कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागते. कूपनलिकेचें पाणी बहुधा कठीण असतें. त्यांत विरघळलेले चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं संयोग पावून त्याचा चोथा करतात. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर बसतो तोच थोडाबहुत अंगावरहि बसतो. फेस येईना म्हणून आपण आणखी साबण चोळतों, आणि कातडीचा स्वाभाविक ओशटपणा अधिकच धुऊन जातो.

समुद्र जवळ असल्यामुळें वर्षाचा पुष्कळ काळ येथील हवा दमट असते, आणि कातडी कोरडी पडण्याची तक्रार फारशी ऐकूं येत नाहीं. मार्गशीर्ष-पौषांत जमिनीकडून वारा वाहूं लागला कीं चित्र पालटतें. खोबरेल तेल सुमारें २४ अंशांच्या खालीं थिजतें. म्हणून ज्या सकाळीं बाटलींतलें तेल पांढरें होऊन बसतें, त्या सकाळीं घरांतल्या वडील माणसांच्या नडग्यांवर खवले दिसूं लागणार हें समजून चालावें. पहांटेची लोकल गांठणारी नोकरदार मुलगी, ओल्या फरशीवर दिवसभर उभी राहून मासळी विकणारी कोळीण, वसईच्या वाडींत चिखलांत वावरणारी बागाईतदारीण, या सगळ्यांच्या टाचांना त्या दिवसांत भेगा पडतात. तरुण व निरोगी माणसाला भेग म्हणजे थोडा ठणका. परंतु मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. त्याला भेग दुखत नाहीं, म्हणून ती दिसत नाहीं, आणि तींतूनच जंतूंचा प्रवेश होऊन पुढें पाय गमावण्यापर्यंत पाळी येते. म्हणून अंगाला स्निग्ध पदार्थ लावणें हा केवळ नटण्यामुरडण्याचा भाग आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये.

पूर्वजांचा अनुभव

चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत एक सुंदर दृष्टांत दिला आहे. घागर, चामडें आणि गाडीचा आंस यांना तेल दिलें म्हणजे तीं बळकट होतात व झीज सोसतात. शरीराचेंहि तसेंच, असें ते म्हणतात. राजवैभवाचा दृष्टांत सोडून त्यांनीं शेतकऱ्याच्या गाडीचा दृष्टांत घेतला हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत अभ्यंग नित्य करावा, आणि विशेषतः डोकें, कान व पाय यांस करावा, असें सांगितलें. पण तेवढ्यावर न थांबतां कफानें ग्रासलेल्यानें, वमन-विरेचनादि शोधन घेतलेल्यानें आणि अजीर्ण झालेल्यानें तो करूं नये असे अपवादहि लगेच जोडले. उपाय सांगणें आणि त्याची मर्यादा सांगणें हीं दोन्ही शास्त्रकाराचीं कर्तव्यें आहेत. आजकालच्या जाहिरातींत पहिलें असतें, दुसरें नसतें.

सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या उपभोगांमध्यें स्नान आणि विलेपन यांना निरनिराळीं प्रकरणें दिलीं आहेत. आमच्या शेजारचें सोपारें तर प्राचीन शूर्पारक. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील बुरुड राजाच्या कोटांतला स्तूप उकरला तेव्हांपासून त्याची कीर्ति पुन्हां उजेडांत आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत सोपाऱ्याचें नांव आढळतें, आणि त्याच ग्रंथांत भडोच बंदरांतून जटामांसी, कोष्ठ व गुग्गुळ पश्चिमेकडे रवाना होत असल्याची नोंद आहे. पुढील शतकांत रोमकडील प्रसिद्ध वैद्य गॅलेन यानें मधमाशांचें मेण, तेल आणि पाणी एकत्र घोटून एक लेप केला. लावतांच त्यांतील पाणी उडून जाऊन गार वाटे. त्यावरून पुढें त्याला कोल्ड क्रीम हें नांव पडलें. आपलें सिक्थतैल आणि गॅलेनचा लेप यांत मुख्य भेद काय तो पाण्याचा. आणि त्या पाण्यांतच या सगळ्या विषयाची मेख आहे.

अर्वाचीन काळींहि या धंद्यांत मुंबईकर मागें नव्हते. १९१९ सालीं ई. एस. पाटणवाला यांनीं मुंबईंत अफगाण स्नो बाजारांत आणला. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं विको हा उद्योग सुरू केला, आणि त्याची हळदीची क्रीम पुढें घरोघर पोंचली. पुण्याच्या आयुर्वेद संशोधनालयाची कैलास जीवनाची डबी ज्या मराठी घरांत नाहीं असें घर आमच्या पाहण्यांत क्वचितच आलें असेल.

कातडी कोरडी कां पडते

आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा असतो. दगड रचून त्यांच्या फटी चुन्यानें भराव्या त्याप्रमाणें या चपट्या पेशींच्या फटी शरीरानेंच तयार केलेल्या स्निग्ध द्रव्यांनीं लिंपलेल्या असतात. हें लिंपण शाबूत असेपर्यंत आंतलें पाणी बाहेर जात नाहीं आणि बाहेरचे जंतु आंत येत नाहींत. वाढतें वय, कोरडी हवा, फार ऊन पाणी आणि तीव्र साबण यांनीं तें लिंपण झिजतें. शिवाय निरोगी कातडी किंचित् आम्ल असते, व साबण क्षारयुक्त असतो. त्यामुळें वरचेवर साबण लावणाऱ्याची कातडी ओढल्यासारखी होते.

यावर उपाय तीन प्रकारचे. पहिला झांकण घालण्याचा : मेण, तूप, व्हॅसलीन हीं द्रव्यें कातडीवर पातळ पापुद्रा धरून आंतलें पाणी कोंडून ठेवतात. (रॉबर्ट चेसब्रो यानें व्हॅसलीनचें पेटंट १८७२ सालीं घेतलें, तें खनिज तेलापासून निघतें.) दुसरा फटी भरण्याचा : खोबरेल, तिळाचें तेल, कोकमतेल हीं खवल्यांमधील जागा भरून स्पर्श मऊ करतात. तिसरा पाणी ओढून धरण्याचा : ग्लिसरीन आणि मध हीं त्यांतलीं मुख्य. चांगल्या लोशनांत या तिन्हींचा मेळ असतो. मात्र कोरड्या ठणठणीत कातडीवर नुसतें तेल लावल्यानें तिला पाणी मिळत नाहीं. कोंडावयास आंत पाणीच नसेल तर झांकण घालून काय उपयोग? म्हणून कोणताहि लेप आंघोळीनंतर अंग टिपून घेऊन, तें दमट असतांनाच लावावा. ही एक संवय लागली तर निम्मी तक्रार विनाखर्च दूर होते.

स्वयंपाकघरांतला धडा

आतां मुख्य मुद्दा. तेल आणि पाणी आपण होऊन मिसळत नाहींत. त्यांना एकत्र नांदविण्यास मध्यस्थ लागतो. या मध्यस्थीचे तिन्ही नमुने आपल्या शिंक्यावर पिढ्यान् पिढ्या टांगलेले आहेत. दूध म्हणजे पुष्कळ पाण्यांत विखुरलेले स्निग्धाचे बारीक कण. दुधांतलीं प्रथिनें त्यांना धरून ठेवतात. लोणी म्हणजे याच्या उलट, स्निग्धांत अडकलेले पाण्याचे थेंब. आणि तूप म्हणजे पाणी आटवून उरलेलें शुद्ध स्निग्ध. लोशन हें दुधाच्या जातीचें, कोल्ड क्रीम लोण्याच्या जातीची, आणि मलम तुपाच्या जातीचें.

आतां प्रत्येक गृहिणीनें स्वतःलाच विचारावें : दूध किती टिकतें, लोणी किती टिकतें आणि तूप किती टिकतें? दूध संध्याकाळपर्यंत नासतें, लोण्याला चार दिवसांत वास येऊं लागतो, तूप महिनोगणती राहतें. कारण जंतूंना व बुरशीला वाढण्यास पाणी लागतें. नियम हाच आणि अंगलेपालाहि तोच लागू. ज्या लेपांत पाणी आहे, मग तें गुलाबपाणी असो, कोरफडीचा गर असो, नारळाचें दूध असो किंवा काकडीचा रस असो, तो लेप दुधासारखाच नाशिवंत समजावा. बाजारचें लोशन वर्षभर टिकतें याचें कारण त्यांत मोजून घातलेलें जंतुरोधक द्रव्य. त्या नांवांना भिऊन आपण तें काढून टाकतों आणि लेप मात्र महिनाभर ठेवतों. हा व्यवहार दूध न तापवितां महिनाभर ठेवण्यासारखा आहे.

पाणी उकळून घेतलें म्हणजे झालें असें कित्येकजणी म्हणतात. उकळलेलें पाणी त्या घटकेपुरतें निर्जंतुक खरें. पण डबी उघडून बोट घातलें कीं त्या बोटाबरोबर जंतुहि आंत जातात. ई जीवनसत्त्वाची गोळी फोडून घातल्यानें तेल खवट होण्याचें लांबतें, जंतु थांबत नाहींत. कडुनिंबाचा पाला किंवा तुळस घातल्यानें लेप टिकतो ही समजूतहि भरंवशाची नव्हे. शीतपेटींत नास मंदावतो, बंद होत नाहीं. आमच्या शेजारीं एका सुशिक्षित घरांत कोरफडीचा गर व बदामाचें तेल फेटून केलेला लेप तीन आठवडे वापरांत होता. वास बरा, रंग बरा. घरांतल्या मोठ्यांना कांहीं झालें नाहीं. पण नातवाच्या कोपराच्या लवणींत इसब होतें, तेथें तो लावतांच दोन दिवसांत पू धरला आणि मुलाला ताप आला. औषधोपचारानें तो सुखरूप बरा झाला. धडधाकट कातडी पुष्कळ सोसते. फुटलेली कातडी सोसत नाहीं, आणि घरांत लेपाची गरज बहुधा फुटलेल्या कातडीलाच असते.

घरीं करावे असे लेप

तेव्हां आमचा सल्ला असा कीं, घरीं तुपाच्या जातीचे लेप निःशंक करावे, लोण्याच्या जातीचे बेतानें करावे, आणि दुधाच्या जातीचे केले तर त्याच दिवसापुरते करावे.

पहिला, मेणतेल अथवा सिक्थतैल. मधमाशांचें शुद्ध मेण १० ग्रॅम आणि तिळाचें तेल ६० ग्रॅम घ्यावें. मेण खादी भांडारांतून किंवा महाबळेश्वराकडील मधपाळांकडून मिळतें; मेणबत्तीचें मेण याच्या जागीं चालणार नाहीं. रुंद पातेल्यांत पाणी तापत ठेवून त्यांत दुसरें कोरडें भांडें ठेवावें, व त्यांत मेण किसून तेलासह घालावें. मेण सुमारें ६५ अंशांवर वितळतें, म्हणून भांडें थेट जाळावर ठेवण्याची जरूरी नाहीं. तसें केल्यास तेल करपतें आणि पेट घेण्याचेंहि भय असतें. सर्व एकजीव झालें कीं फडक्यांतून गाळून घ्यावें आणि निवेपर्यंत लांकडी चमच्यानें ढवळीत राहावें. ढवळणें मध्येंच सोडल्यास मेणाच्या गुठळ्या होतात. भरावयाची डबी उकळत्या पाण्यांत धुऊन पूर्ण वाळविलेली हवी. पाण्याचा एक थेंबहि आंत राहतां कामा नये. उन्हाळ्यांत हें प्रमाण ठीक बसतें; थंडींत लेप कठीण वाटला तर तेल ८० ग्रॅमपर्यंत वाढवावें. तिळाच्या तेलांत तें खवट होऊं न देणारीं द्रव्यें मूळचींच असतात, म्हणून या कामास तें उत्तम.

दुसरा, कोकमाचा लेप. कोकमाच्या बियांपासून निघणारें तेल दक्षिण कोंकणांत व गोव्यांत घरोघर ठाऊक आहे. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यांत उकळतात, आणि वर तरंगणारा स्निग्ध भाग काढून त्याचे हातानें वळलेले पांढुरके गोळे करतात. तें ४० अंशांच्या आसपास वितळतें, म्हणून आमच्याकडील ऐन वैशाखांतहि गोळा घट्टच राहतो. टाचांच्या भेगांना रात्रीं तो दिव्यावर किंचित् पातळ करून लावण्याची जुनी रीत आहे. मात्र चटका बसणार नाहीं इतका निववून मगच तो लावावा, आणि ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्यानें स्वतःच्या अंदाजावर न विसंबतां दुसऱ्याच्या हातानें लावून घ्यावा. सर्वांगाला लावण्याजोगा लेप हवा असेल तर कोकमतेल २० ग्रॅम, मेण १० ग्रॅम, खोबरेल ३० ग्रॅम व तिळाचें तेल ४० ग्रॅम हें प्रमाण घेऊन वरच्याच कृतीनें करावा. खोबरेल आमच्या वसई भागाचें घरचें धन आहे. मुंबईंतील डॉक्टरांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना खोबरेलानें मालीश केल्यास त्यांचें वजन अधिक वाढतें असें आढळून आलें होतें. आजीबाईंचा अनुभव येथें तराजूनें तोलला गेला आणि खरा ठरला. उलट मोहरीचें तेल तान्ह्या मुलांच्या कातडीला झोंबतें, तें टाळावें.

तिसरा, शतधौत घृत. शंभर वेळां धुतलेलें तूप. गाईचें साजुक तूप तांब्याच्या पसरट भांड्यांत घेऊन त्यांत तितकेंच थंड पाणी घालतात, तळहातानें एकाच दिशेनें घोटतात, आणि सुटलेलें पाणी ओतून टाकून नवें घालतात. असें शंभर वेळां. दहा-वीस धुण्यांत तुपाचा रंग उतरतो, पुढें वास जातो, आणि अखेरीस लोण्यासारखा पांढराशुभ्र, हलका, गार लेप हातीं येतो. पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपांत कोंडले गेल्यामुळें हा प्रकार तुपाचा न राहतां लोण्याच्या जातीचा होतो, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. म्हणून पाणी उकळून थंड केलेलें घ्यावें, एका वेळीं चार चमचे तुपाहून अधिक करूं नये, शीतपेटींत ठेवावें आणि आठ दिवसांत संपवावें. तांब्याच्या संगतीनें तूप लवकर बिघडतें, म्हणून धुणें संपल्यावर तें कांचेच्या भांड्यांत काढावें. भाजण्यावर हें लावण्याचा परिपाठ जुना आहे. पण नुकत्या भाजलेल्या जागीं तूप, तेल, दंतमंजन यांपैकीं कांहींच लावूं नये. तेथें वीस मिनिटें वाहतें साधें पाणी सोडावें आणि डॉक्टरांकडे जावें.

चौथा, ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. हा बहुधा प्रत्येक घरांत होतो. एक भाग ग्लिसरीन व तीन भाग गुलाबपाणी पुरे. ग्लिसरीन पाणी मिसळल्यावांचून लावूं नये. कोरड्या हवेंत तें कातडींतलेंच पाणी ओढून घेतें. औषधाच्या दुकानांतील शुद्ध ग्लिसरीनच वापरावें, लहान बाटली करावी, शीतपेटींत ठेवून चार दिवसांत संपवावी. वर दोन थेंब तेलाचा हात फिरविला म्हणजे लोशनाचें सर्व काम घरच्या घरीं साधतें, आणि तेल व पाणी फेटीत बसण्याचा खटाटोपहि वांचतो.

साय, मसुरीचें पीठ, आंबेहळद, नागरमोथा, गव्हला-कचोरा, वाळा यांचें उटणें हें तर वाटल्या घटकेला लावून धुवावयाचें असतें. त्याच्या टिकण्याचा प्रश्नच येत नाहीं. कोरडी पूड करून ठेवावी आणि साय किंवा दूध आयत्या वेळीं मिसळावें. यांत पूर्वजांचा व्यवहारचातुर्याचा भाग किती आहे पाहा : नाशिवंत व टिकाऊ यांची त्यांनीं कधीं सांगड घालून ठेवली नाहीं.

कोणताहि नवा लेप, घरचा असो वा दारचा, प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडा लावून एक दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ उठल्यास तो त्या माणसाला मानवत नाहीं असें समजावें. वनस्पतीजन्य वस्तूनें अपाय होतच नाहीं हा भ्रम आहे; बिब्बा वनस्पतीजन्यच आहे.

काय टाळावें

लिंबाचा रस अंगाच्या लेपांत घालूं नये. तो लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात, आणि त्याचे काळे डाग महिनोन्महिने राहतात. कापूर तान्ह्या मुलांच्या लेपांत घालूं नये. तो त्यांना विषासारखा बाधूं शकतो. टाकणखाराच्या पुडीनें मेण व पाणी सुरेख एकजीव होतात आणि जुन्या कोल्ड क्रीममध्यें तो असे. पण मुलांच्या नाजूक व फुटलेल्या कातडींतून तो शरीरांत जातो, म्हणून घरच्या कामांत तो नकोच.

सर्वांत मोठें भय मात्र घरच्या लेपाचें नसून, घरची म्हणून खुली विकली जाणारी किंवा कोठें केली याचा ठावठिकाणा नसलेली गोरेपणाची क्रीम हें आहे. पारा कातडीचा रंग दाबतो, म्हणून अशा क्रीममध्यें तो चोरून घालतात. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत डॉक्टरांनीं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील १५ जणांत एकाच प्रकारचा दोष आढळला, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाची क्रीम लावीत होते असें निघालें. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांस उतार पडला. कातडीला लावलेलें कातडीवरच राहतें ही समजूत किती घातक आहे हें यावरून दिसतें. आपल्या देशांत सौंदर्यप्रसाधनांत पारा मिसळण्यास कायद्यानें बंदी आहे. पण ज्या डबीवर करणाऱ्याचें नांव नाहीं, परवान्याचा क्रमांक नाहीं आणि घटकांची यादी नाहीं, तिच्यापुढें कायदा काय करणार? सांवळ्या मुलीला गोरी करण्याचा हा सोस तिच्या मूत्रपिंडाच्या किंमतीवर पुरविला जात असेल, तर तो सोस सोडणें हेंच त्या मुलीच्या आईबापांचें कर्तव्य आहे. राम व कृष्ण यांची सांवळी मूर्ति ज्यांच्या देव्हाऱ्यांत नित्य पुजली जाते त्यांना हें आम्हीं निराळें सांगावयास नको.

आणखी एक सूचना. घरीं केलेला लेप आप्तेष्टांना देणें निराळें आणि विकणें निराळें. आमच्या भागांत अनेक भगिनी घरबसल्या चार पैसे मिळविण्यासाठीं साबण, उटणीं व क्रीम करूं लागल्या आहेत, आणि त्यांच्या उद्योगाचें आम्हांस कौतुकच वाटतें. परंतु १९४० चा औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायदा आणि २०२० चे प्रसाधन-नियम यांनुसार विक्रीसाठीं सौंदर्यप्रसाधनें तयार करावयास परवाना लागतो. हा नियम जाचक वाटला तरी त्याच्या पाठीशीं वर सांगितलेल्या मूत्रपिंडांचीच कथा उभी आहे हें विसरूं नये.

समारोप

सारांश, डबीवर तयार केल्याची तारीख लिहावी, हात धुऊन किंवा चमच्यानें लेप काढावा, पाण्याचा अंश असलेला लेप दिवस मोजून टाकून द्यावा, आणि फुटलेल्या, चिघळलेल्या कातडीवर घरचा कोणताहि प्रयोग करूं नये. मधुमेही माणसाचे तळपाय रोज रात्रीं कोणी तरी दिव्यापुढें धरून पाहावे; लेपाइतकेंच तें पाहणेंहि औषध आहे. वर दिलेले चार लेप करण्यास एक सुटीची दुपार पुरते. मुलामुलींना जवळ बसवून मेण वितळतांना, तूप पांढरें होतांना दाखवावें. दूध, लोणी व तूप यांतला भेद त्यांना कोणत्याहि पाठ्यपुस्तकापेक्षां या दुपारीं अधिक पक्का समजेल, आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या टाचांना तेल लावण्याचें काम ओघानेंच त्यांच्या हातीं येईल. स्नेह या शब्दाचे दोन अर्थ शिकविण्यास याहून सोपी रीत आम्हांस तरी माहीत नाहीं.